नाशिकमध्ये समकालीन नृत्य-संगीताचा महोत्सव: एकच प्रयोग दोनदा दाखवावा का?

गोदाकाठचा श्रोता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात नाशिकमध्ये समकालीन नृत्य आणि संगीत यांचा तीन संध्याकाळींचा एक छोटा महोत्सव करावा, असे आम्ही सात-आठ जण काही महिन्यांपासून बोलत आहोत. समकालीन म्हणजे चित्रपटगीतांवर बसवलेले समूहनृत्य नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण आपल्या शहरात हा शब्द बहुतेक वेळा त्याच अर्थाने फलकांवर दिसतो. ज्यात गोष्ट असेलच असे नाही, ज्यात समेवर येण्याचे बंधन नाही, ज्यात नर्तक पाच मिनिटे नुसता चालत राहतो किंवा वादक वाद्याच्या लाकडावरच वाजवत बसतो, अशा प्रयोगांविषयी मी लिहीत आहे. बंगळुरूची आट्टक्कलरी ही संस्था १९९२ पासून या क्षेत्रात आहे आणि गोव्यात २०१६ पासून सेरेंडिपिटी महोत्सव भरतो. नाशिकचे हौशी प्रेक्षक असे काही पाहायला मुंबई-पुण्याला जातात आणि रात्री उशिरा घाट चढून परत येतात.

मला चर्चा हवी आहे ती एकाच मुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वी आपल्याच शहरातल्या एका सभागृहात दोन नर्तकांचा पाऊण तासाचा प्रयोग झाला. आधी निवेदकाने पंधरा मिनिटे 'हे नृत्य म्हणजे मानवी एकाकीपणाचे प्रतीक' वगैरे समजावून सांगितले. विसाव्या मिनिटाला माझ्या पुढची ओळ अर्धी रिकामी झाली होती. मी शेवटपर्यंत बसलो, पण ते केवळ सभ्यपणापोटी, कारण मलाही काही उमगले नव्हते. पुढे महिन्याभराने पुण्यात मावसभावाकडे गेलो असता त्याच्याकडे तिकीट जास्तीचे होते म्हणून तोच प्रयोग पुन्हा पाहिला. या वेळी पाचव्या मिनिटालाच लक्षात आले की ज्या हालचाली मला मागच्या वेळी वाटेल तशा केलेल्या वाटल्या होत्या, ती खरे तर सात हालचालींची एक ओळ होती. ती ओळ एका नर्तकाकडून दुसऱ्याकडे जात होती आणि दर वेळी तिच्यातली एक हालचाल गळत होती. शेवटी उरला तो फक्त मान वळवण्याचा भाग. तो मान वळवण्याचा क्षण आला तेव्हा मला अक्षरशः धस्स झाले. निवेदन ऐकून जे झाले नाही ते दुसऱ्यांदा पाहून झाले.

तेव्हापासून माझे मत असे आहे की अनोळखी कलेची अडचण ती अवघड असण्यात कमी आणि एकदाच भेटण्यात जास्त आहे. भूप रागातली एखादी बंदिश आपण आयुष्यात शंभरदा ऐकलेली असते, म्हणून गायकाने तिच्यात केलेला बारीकसा बदल आपल्याला कळतो आणि दाद जाते. नव्या कामाला आपण ही संधी देतच नाही. पॅरिसमध्ये २९ मे १९१३ रोजी संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षागृहात एवढा गोंधळ माजला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. त्याच शहरात एप्रिल १९१४ मध्ये तेच संगीत मैफलीत वाजवले गेले आणि श्रोत्यांनी संगीतकाराला खांद्यावर घेतले. मधल्या दहा महिन्यांत त्यातला एक सूरही सोपा झाला नव्हता.

म्हणून माझा प्रस्ताव असा: पन्नास मिनिटांपेक्षा मोठा प्रयोग निवडू नये. संध्याकाळी साडेसहाला एकदा, मग अर्धा तास चहा, आणि आठ वाजता तोच प्रयोग, त्याच तिकिटावर, त्याच प्रेक्षकांसमोर पुन्हा. निवेदन नाही, दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाहीत. खुर्च्या एकशे वीसच्या वर नकोत. आपली मते कळवावीत.

---

शंकेखोर

धागाकर्त्यांचा अनुभव प्रामाणिक आहे, पण दाखला त्यांनी अर्धाच दिला आहे. १९१४ मध्ये जे वाजले त्यात नृत्य नव्हते. लोकांनी डोक्यावर घेतले ते फक्त संगीत. नाचाचे काय झाले तेही सांगायला हवे होते.

आणि व्यवहाराचा प्रश्न वेगळाच आहे. नाशिककर पाडवा पहाटेला पिंपळपारावर अंधारात येऊन बसतो, वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर सतरंजीवर बसतो, हे सगळे खरे. पण ते विनामूल्य असते आणि मधेच उठून जाता येते. तुम्ही पैसे घेऊन एकच गोष्ट दोनदा दाखवणार. चहाच्या वेळेत निम्मे लोक दुचाकीला किक मारून घरी जातील आणि आठ वाजता कलाकारांसमोर तुम्ही सात-आठ जणच असाल.

---

गोदाकाठचा श्रोता

शंकेखोरजी, नाचाचे काय झाले ते सांगतो, आणि ते माझ्याच बाजूने जाते. नर्तक निजिन्स्कीने बसवलेले ते नृत्य पॅरिस आणि लंडन मिळून दहाही वेळा झाले नाही. नंतर ते विस्मरणात गेले. जुनी चित्रे, टिपणे आणि वृद्ध नर्तकांच्या आठवणी गोळा करून १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जॉफ्री बॅले या मंडळींनी ते पुन्हा उभे केले, तोवर ७४ वर्षे उलटली होती. संगीताला दुसरी संधी दहा महिन्यांत मिळाली आणि ते जगले. नृत्याला मिळाली नाही. एकाच रात्री जन्मलेल्या दोघांची ही कथा आहे.

लोक चहाच्या वेळेत घरी जातील ही भीती मात्र मलाही आहे.

---

विंगेतला माणूस

मी तीस वर्षे नाटकांची आणि नृत्यांची प्रकाशयोजना करत आहे, त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणाहून येतो. तुम्ही प्रेक्षकाचा विचार केला, नर्तकाच्या गुडघ्याचा केला नाही.

या प्रकारच्या नृत्यात जमिनीवर पडणे, लोळणे, घसरत जाणे आणि तिथूनच उसळून उठणे असते. पन्नास मिनिटे हे केल्यावर स्नायू तापलेले असतात. अर्धा तास बसले की ते आखडतात आणि मग पुन्हा तेच करायला लावले की दुखापत ठरलेली. त्यातून आपल्याकडे जमीन कशी असते ते पाहा. काँक्रीटवर थेट फळ्या किंवा फरशी असेल तर उडीचा सगळा दणका नडगीत जातो. नृत्यासाठी लागणारा मंच खाली पोकळी ठेवून, लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर उभारतात, म्हणजे तो किंचित दबतो. त्यावर विनाइलची चटई अंथरून सांधे चिकटपट्टीने बंद करतात. आपल्या रंगमंचांवर तर आदल्या रात्रीच्या नाटकाच्या सेटचे खिळे राहिलेले असतात, आणि हे लोक अनवाणी नाचतात. मी स्वतः एकदा प्रयोगाआधी चुंबक दोरीला बांधून सगळा मंच फिरलो आहे. मूठभर बारीक खिळे निघाले.

प्रकाशाचेही तसेच. मराठी नाटकात चेहरा दिसला पाहिजे, म्हणून आपले बहुतेक दिवे समोरून आणि वरून. नृत्यात शरीराची गोलाई दिसली पाहिजे, म्हणून दिवे विंगेतून, नडगीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर उभे करावे लागतात. असे उभे दांडे लावायचे तर विंगेत जागा हवी आणि आदला पूर्ण दिवस हाताशी हवा. 'सकाळी या, दुपारी लावा, संध्याकाळी प्रयोग' हे इथे चालत नाही.

तेव्हा दोनदा दाखवायचे असेल तर एकाच संध्याकाळी नको, सलग दोन संध्याकाळी दाखवा. माझ्या कामालाही तेच सोयीचे आहे, हे लपवत नाही.

---

सिडकोतली आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि सहा वर्षे कथक शिकत आहे. तिला असे काही दाखवावे असे फार वाटते, पण दोन शंका आहेत. एक, आधुनिक नृत्य म्हणून जे पाहिले त्यात शरीराचा वापर असा असतो की घरच्या मोठ्यांबरोबर बसून पाहताना अवघडल्यासारखे होते. दुसरी, हे पाहून तिचे कथक बिघडेल असे तिच्या गुरू म्हणतात. आणि हे सगळे मुळात बाहेरून आलेले आहे, मग आपल्या गोदावरीच्या गावात त्याचे प्रयोजन काय, असेही सासरे विचारतात.

---

गोदाकाठचा श्रोता

ताई, गुरूंचा मान राखूनच लिहितो. कथक नर्तकी कुमुदिनी लाखिया यांनी अहमदाबादला 'कदंब' ही संस्था साठच्या दशकात काढली आणि एकट्याने नाचायच्या कथकातून समूहाच्या रचना केल्या. ठुमरीतल्या नायिकेला बाजूला ठेवून कथकातले पदन्यास, चकरी आणि रेषा यांच्याकडे स्वतंत्रपणे पाहिले. त्यांच्या शिष्यांचे कथक बिघडले असे कोणी म्हणत नाही. आपल्या मुलीला तत्कार आणि लय पक्की येत असेल तर तिला यातले आपल्यापेक्षा जास्त दिसेल.

शरीराविषयी आपण म्हणता ते खरे आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांची 'शरीर' ही २००१ मधली रचना घ्या. त्यात गुंदेचा बंधूंचे ध्रुपद आहे आणि अतिशय संथ, योगासनांसारखी चाललेली शरीरे आहेत. चंद्रलेखांचा जन्म आपल्या महाराष्ट्रातल्याच वाडा या गावचा. भरतनाट्यम शिकून त्यांनी पुढे त्यात कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणला. कुणाला ती रचना मंदिरातल्या शिल्पासारखी वाटेल, कुणाला अवघड वाटेल. म्हणून प्रत्येक प्रयोगाखाली 'किती वर्षांवरील प्रेक्षकांसाठी' हे आम्ही ठळक छापू.

सासऱ्यांना मात्र एक हकीकत सांगा. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. त्याने शुल्क घेतले नाही. त्या बदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीत शिकवले. संगीताचे काम मन शांत आणि स्वच्छ करणे हे आहे, म्हणजे ते वरच्या शक्तीच्या स्पर्शाला तयार होते, हे गीताबेनच्या गुरूंचे म्हणणे केज पुढे जन्मभर सांगत राहिला. सहा वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याने चार मिनिटे तेहतीस सेकंदांची ती प्रसिद्ध रचना केली, जिच्यात वादक एकही सूर वाजवत नाही आणि श्रोता सभागृहातले आवाज ऐकतो. (आपल्याकडे ती सादर केली तर साडेचार मिनिटांत तीन मोबाइल वाजतील, आणि नियमाप्रमाणे तेही रचनेतच धरावे लागतील.) १९६४ मध्ये तोच केज नर्तक मर्स कनिंगहॅम यांच्या कंपनीबरोबर भारतात आला. ज्याला आपण बाहेरचे म्हणतो त्यात एक धागा इथून गेलेला आहे.

विंगेतले दादा, गुडघ्याचा मुद्दा पूर्ण मान्य. मी कधी नाचलो नाही, हे माझ्या प्रस्तावातून दिसले.

---

सुरगाण्याची वाट

मी सुरगाणा तालुक्यात बारा वर्षे शिक्षक होतो, आता नाशिकरोडला राहतो. दोनदा पाहण्यात नवे काय आहे, असा मला प्रश्न पडला, म्हणून लिहितो.

आमच्या भागात बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत कित्येक रात्री सोंगे निघतात. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मुखवटे, उजेडाला टेंभे, वाजवायला संबळ आणि सनई. गणपती-सरस्वतीपासून सुरुवात होते, मग रामायण-महाभारतातले देव आणि दैत्य, आणि शेवटी देवीची लढाई. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, संबळाचा ठेका वेगळा. गावातल्या माणसाने हे लहानपणापासून दर वर्षी पाहिलेले असते. पुढे कोण येणार हे त्याला पाठ असते, तरी तो रात्रभर जागतो, कारण या वर्षी त्या सोंगाने पाय कसा टाकला हे त्याला पाहायचे असते. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा डोळे मिटून फक्त ठेका ऐकायचा आणि कोणते सोंग आले ते सांगायचा. शहरातला प्रेक्षक एकदा पाहून 'समजले' किंवा 'समजले नाही' असे म्हणतो, ही सवयच मला विचित्र वाटते.

मात्र एक विनंती आहे. असे महोत्सव सुरू झाले की कोणाला तरी 'स्थानिक स्पर्श' आठवतो. मग उद्‌घाटनाला दहा मिनिटे पावरीवाला बोलावतात, त्याच्या डोक्याला फेटा बांधतात, फोटो काढतात आणि तो बसने परत जातो. पावरी हे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातले वाद्य आहे. ते स्वागताची तुतारी नाही. बोलवायचे असेल तर त्यालाही इतरांइतका वेळ, इतरांइतके मानधन आणि स्वतःची संध्याकाळ द्या. आणि बोहाड्याचे मुखवटे मागूच नका. त्यांची पूजा होते, सोंगाचा मान ठरलेल्या घरांकडे असतो. ते पाहायचे तर आपण तिकडे जावे.

---

शंकेखोर

सुरगाण्याच्या गुरुजींचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत चांगला आहे, पण त्यातून उलट निष्कर्षही निघतो. बोहाड्याचा प्रेक्षक ते दर वर्षी पाहतो कारण ते त्याचे आहे. तुम्ही बंगळुरूहून आणलेला प्रयोग दोनदा दाखवलात म्हणून तो आमचा होईल का? आणि सलग दोन दिवस यायचे म्हणजे तर आणखी कठीण. गंगापूर रोडवरून शालिमारला संध्याकाळी पोचायला किती वेळ लागतो हे आपण सर्व जाणतो. त्यातून २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खणलेले.

जागेचेही बोला. घाटावर उघड्यावर करणार असाल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत तर शांतता क्षेत्र. बंदिस्त सभागृहाला ही दहाची अट त्याच प्रकारे लागत नाही, पण मोठ्या सभागृहात तुमच्या एकशे वीस खुर्च्या ओसाड दिसतील.

---

तीनताल

मी पंचवटीत तबल्याचा वर्ग चालवतो. आजवर नुसता वाचत होतो.

तिकिटाचा प्रश्न नाशिकमध्ये निघावा याची गंमत वाटली. ज्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी गाणे दरबारातून बाहेर काढून तिकीट लावून सामान्य माणसासमोर मांडले, त्यांनीच उत्तरायुष्यात इथे नाशिकमध्ये रामनाम आधाराश्रम काढला. त्यांच्या काळी तिकीट लावणे हेच धाडस होते.

जागेविषयी एक सुचवतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९८३ पासून 'नेक्स्ट वेव्ह' नावाचा याच प्रकारचा महोत्सव होतो. १९८७ मध्ये तिथे नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांचे नऊ तासांचे 'महाभारत' करायचे होते, तेव्हा त्यांनी जवळचे एक बंद पडलेले जुने नाट्यगृह घेतले, आणि त्याच्या भिंतींचे पोपडे गुळगुळीत न करता मुद्दाम तसेच ठेवले. आपल्या जुन्या गावठाणात चौक असलेले वाडे अजून थोडे उरले आहेत. एखाद्या वाड्याच्या चौकात आणि वरच्या सज्जात मिळून शंभर माणसे सहज बसतील. नृत्याला तिथली फरशी चालणार नाही, हे विंगेतल्या दादांनी शिकवलेच. पण संगीताला चालेल. म्हणजे संगीत एकाच संध्याकाळी दोनदा, वाड्यात; नृत्य सलग दोन दिवस, बांधलेल्या मंचावर. दोन्हींना एकच नियम कशाला?

आणि शंकेखोरांचा प्रश्न वाद घालून सुटणार नाही, करून पाहावा लागेल. स्टीव्ह राइक या अमेरिकन संगीतकाराची 'क्लॅपिंग म्युझिक' ही १९७२ ची रचना आहे. दोन माणसे, फक्त टाळ्या. बारा मात्रांचे चक्र: तीन टाळ्या आणि एक रिकामी, दोन आणि एक रिकामी, एक आणि एक रिकामी, दोन आणि एक रिकामी. पहिला माणूस हेच शेवटपर्यंत वाजवतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, पुन्हा सरकतो, आणि बाराव्यांदा सरकला की दोघे पुन्हा एक होतात. एकतालाच्या मात्रा मोजणाऱ्याला कागदावर हे सोपे वाटते. हाताने करून पाहा. माझे दोन विद्यार्थी महिनाभर त्यावर मेहनत घेत आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी वर्गात ते ही रचना दोनदा करतील, मध्ये चहा. कोणतेही स्पष्टीकरण देणार नाही. ज्यांना यायचे त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

---

सिडकोतली आई

आम्ही तिघे येतो. सासरेही.

---

विंगेतला माणूस

रविवारी गेलो होतो, म्हणून लिहून ठेवतो. एकवीस माणसे होती. पहिल्या वेळी सुरुवातीला दोन-तीन जण हसले, मग एकमेकांकडे पाहू लागले. एका गृहस्थांनी मध्येच टाळ्यांत टाळी मिसळली आणि बायकोने त्यांचा हात धरला. संपल्यावर काही क्षण कोणालाच कळले नाही की संपले आहे. चहाच्या वेळी पाच जण निघून गेले, त्यामुळे शंकेखोर अगदीच चुकले नाहीत. ते स्वतः मात्र थांबले होते.

दुसऱ्या वेळी खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ताईंची मुलगी मांडीवर बोटांनी मात्रा धरून होती आणि सरकण्याच्या जागी दर वेळी तिची मान किंचित हलायची. तिसऱ्या-चौथ्या सरकण्यानंतर दोघांच्या टाळ्यांमधून एक तिसराच ठेका ऐकू येऊ लागला, जो दोघांपैकी कोणीच वाजवत नव्हते. पहिल्या वेळीही तो तिथे असणारच, पण मला ऐकू आला नव्हता.

संपल्यावर सासरेबुवा उठले, मुलांपाशी गेले आणि म्हणाले, "बाळांनो, छान झाले. पण सातव्यांदा सरकताना डावीकडच्याने एक टाळी जास्त घेतली. पहिल्या खेपेला बरोबर होते."

तीनतालांनी दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण लावून पाहिले. घेतली होती.

---

शंकेखोर

वाड्याच्या मालकांशी कोण बोलणार आहे? त्यांच्यापैकी एक माझ्या ओळखीचे आहेत.